अनुभव धागा: ईस्टरची सजावट, घरच्या घरी आणि कमी खर्चात

धागाकर्ती, इंदूर

यंदा ईस्टर ५ एप्रिल २०२६ ला आहे. नाताळला बाजारात चांदण्या, घंटा सगळं मिळतं. ईस्टरचं मात्र आपल्या इंदुरात फारसं काही दिसत नाही, आणि मागवलेली प्लास्टिकची अंडी मला घरात नकोशी वाटतात. आमच्याकडे ही सजावट कायम हातानंच झाली. तुमच्या घरी काय करता, काय जमलं, काय बिघडलं, खर्च किती, सगळं लिहा. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनीही लिहा, कारण आमच्या अंगणातली निम्मी मदत त्यांचीच असते.

मी राखेच्या बुधवारापासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, कांद्याची सालं एका कापडी पिशवीत साठवते. दहा-बारा कांद्यांची सालं अर्धा लिटर पाण्यात वीसेक मिनिटं उकळायची, गाळायची, गार झाल्यावर दोन चमचे व्हिनेगर घालायचं. पांढरी अंडी त्यात तासभर ठेवली की केशरी होतात, जास्त वेळ ठेवली की विटकरी. अंड्यावर पाडव्याच्या कडुनिंबाचं कोवळं पान ओलं करून चिकटवा, जुन्या नायलॉनच्या मोज्यात घट्ट बांधा आणि मग रंगात सोडा. पानाखालची जागा पांढरी राहते, करवतीसारखी कडासुद्धा स्पष्ट उठते. खर्च फक्त अंड्यांचा. खायची असतील तर आधी उकडून घ्या आणि रंगवल्यावर फ्रिजमध्येच ठेवा, एप्रिलची गरमी आहे.

रामबागेतली शेजारीण

ताई, आमच्याकडे अंडं येत नाही, तरी माझा अनुभव लिहिते. २०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी ईस्टर. गेरच्या (आमच्याकडची रंगपंचमीची मिरवणूक) दिवसासाठी आईनं टेसूची, म्हणजे पळसाची, फुलं भिजवली होती, त्यातलं अर्धी बादली पाणी उरलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना पांढऱ्या-पिवळ्या पताका हव्या होत्या. ईस्टरच्या उपासनेचा रंग पांढरा आणि सोनेरी, असं त्यांनीच मला सांगितलं. आजोबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून त्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. हळदीसारखा भडक नाही, पण फार शांत पिवळा रंग आला. सुतळीला एक पांढरी, एक पिवळी अशा बांधल्या. पैसा एकही लागला नाही. उन्हात मात्र वाळवू नका, आमच्या दोन पट्ट्या फिक्या पडल्या.

सुदामानगरची आई

फुग्यावर खळीत भिजवलेला दोरा गुंडाळून जाळीचं अंडं करायला मुलांना फार आवडतं. पहिल्या वर्षी आम्ही ते वाळायला गच्चीवर ठेवले. उन्हानं आतली हवा फुगली आणि सातातले पाच फुगे दोरा ओला असतानाच फुटले. मुलगी रडली. आता फुगा निम्माच फुगवतो आणि पंख्याखाली, सावलीत पूर्ण एक दिवस ठेवतो. कणकेच्या खळीत चिमूटभर तुरटी घालते.

नवलखा भागातून, निवृत्त शिक्षक

आमच्या घरी दरवर्षी ‘बाग’ होते, म्हणजे येशूच्या रिकाम्या कबरेचा देखावा. ही सजावट बायकोची. ती असताना मी फक्त माती आणून द्यायचो.

पितळेची जुनी परात घेतो. तळाशी खडी, वर चाळलेली माती, एका कोपऱ्यात फुटक्या कुंडीचा अर्धा भाग पालथा. ती गुहा. तोंडाशी एक गोल गोटा. मागच्या टेकडीवर काटक्यांचे तीन क्रूस, सुतळीनं बांधलेले.

हिरवळ म्हणून गहू. हे आम्हाला शेजारच्या माळवी वहिनींनी शिकवलं. गणगौरीला त्या जवारे पेरतात, तेच गहू, तीच पद्धत. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या रात्री गहू भिजवायचे, सकाळी उपासनेला जाण्याआधी दाट पेरायचे, वर मातीचा पातळ थर. पहिले दोन-तीन दिवस ओलं फडकं झाकून ठेवायचं. पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही. एकदा मी घाईत तांब्यानं ओतलं तर बिया एका बाजूला वाहून गेल्या आणि टेकडी बोडकी राहिली. शुक्रवारपर्यंत चार बोटं उंच होतात.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) गोटा गुहेच्या तोंडाशी लावतो. शनिवारी परातीला कोणी हात लावत नाही, पाणी शिंपडण्यापुरताच. रविवारी पहाटेच्या उपासनेला निघण्याआधी गोटा बाजूला सरकवायचा आणि आत पांढरं, घडी घातलेलं कापड ठेवायचं. हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं. गेली तीन वर्षं नात करते. कापड तिच्या आजीच्या रुमालाचं आहे.

धागाकर्ती

सर, फार आतून लिहिलंत. ईस्टरनंतर त्या गव्हाचं काय करता?

नवलखा भागातून, निवृत्त शिक्षक

वहिनींच्या गाईला. जवाऱ्यांसारखे नदीत सोडत नाही.

हॉस्टेलमधली नर्स

खोलीत जागा नाही, वेळही नाही. लग्नपत्रिकांचे जाड कागद उशाशी जमवून ठेवते. पांढऱ्या कागदावर आपला पंजा आखून कापायचा, तळहाताचा कोन करून चिकटवायचा, बोटं पेन्सिलीवर बाहेर वळवायची. लिली होते. देठाला केरसुणीची काडी, मधोमध पिवळी लोकर. गेल्या वर्षी वॉर्डातल्या आमच्या अकरा जणींचे पंजे कापले, कोणाचं बोट छोटं, कोणाचं वाकडं. सगळ्या लिली एका सलाइनच्या रिकाम्या खोक्यात उभ्या केल्या.

एक वाचक

मागच्या वर्षीच्या झावळ्यांचे क्रूस अजून दारावर आहेत. त्यांचं काय करावं?

धागाकर्ती

आमच्या चर्चमध्ये त्या परत घेतात, जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. यंदाचा राखेचा बुधवार होऊन गेला, म्हणून कोरड्या जागी कागदात गुंडाळून ठेवा आणि पुढच्या वर्षी द्या. नव्या झावळीचा क्रूस विणायचा असेल तर आणल्या दिवशीच विणा, सुकली की घडीवर तुटते. मी २८ मार्चला गहू भिजवतेय, यंदा पहिल्यांदाच. सर, साधारण एवढ्याच परातीला वाटीभर पुरतील ना?

नवलखा भागातून, निवृत्त शिक्षक

दीड वाटी घ्या. दाट हवेत.