लहान मुलांत टाइप १ मधुमेह खरंच वाढतोय का?

तृप्ती_कराड
माझी लेक चौथीत आहे. दिवाळीनंतर सारखी पाणी प्यायची, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं, तर साखर ५००च्या वर. आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन. सासूबाई म्हणतात, चॉकलेटं खाऊ घातलीत म्हणून झालं. शेजारच्या काकू एक काढा सुचवतायत, त्यानं म्हणे इन्सुलिन सुटतं. वॉर्डात याच आजाराची आणखीही मुलं होती. हे एवढं का वाढलंय?

मीनल_एस्पो
तृप्तीताई, आधी काढ्याचं. इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका, हात जोडून सांगते. सुरुवातीला इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या पेशी काही महिने थोडं काम करतात, डोस कमी लागतो. नेमका तेव्हाच काढा सुरू असला की गुण आला असं वाटतं, आणि इन्सुलिन थांबवलं की रक्तात आम्ल साठून मुलाच्या जिवावर बेततं.

चॉकलेटाचा काही संबंध नाही. प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या या पेशी (बीटा पेशी) मारते, आणि ते लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं आधीपासून चालू असतं. सासूबाईंना हे नक्की सांगा. तुमचा काहीही दोष नाही.

आम्ही फिनलंडमध्ये राहतो, माझ्या मुलालाही आहे. हा आजार मुलांत सगळ्यात जास्त इथेच: १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला ५०हून अधिक. १९५०च्या दशकापासून प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. एवढ्या काळात जनुकं बदलत नाहीत. सीमेपलीकडे रशियाच्या कारेलियात जनुकं बरीचशी सारखी, तरी तिथं प्रमाण इथल्या सुमारे एक षष्ठांश आढळलं होतं. म्हणजे राहणीत, परिसरात काहीतरी आहे. आतड्यातले विषाणू, लहानपणी जंतूंशी कमी आलेला संबंध, ड जीवनसत्त्व, सगळ्यांवर संशोधन चालू आहे. एकच एक कारण सापडलेलं नाही.

गुरुजी_माण
आपल्याकडे निदान होऊ लागलं, हाही भाग आहे. पूर्वी अशी किती मुलं न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर समजून गेली असतील, कोण जाणे.
माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. ताई, वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कधी फार उतरते; घाम, थरथर, अचानक चिडचिड दिसली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. मधल्या वेळेत डबा खायची आणि साखर तपासायची मोकळीक मागून घ्या. सीबीएसईनं २०१७मध्ये बोर्डाच्या परीक्षेतही अशा मुलांना खाऊ आणि साखरेच्या गोळ्या न्यायला परवानगी दिली. चौथीच्या वर्गात अडचण यायचं कारणच नाही.

तृप्ती_कराड
सासूबाईंना मीनलताईंचं वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी साखर तपासायच्या स्ट्रिपची डबी त्यांनीच आणून दिली. आता उन्हाळ्यात इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, याची काळजी आहे. माहेरी फ्रिज नाही.

गुरुजी_माण
माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या घरीही नाही. कुंड्या रचतो तसं एका मडक्यात दुसरं ठेवायचं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, सावलीत. इन्सुलिन कोरड्या डबीत घालून आत. वाळू सुकू द्यायची नाही. आणि जिथं फ्रिज असेल तिथं बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.