एडिटिंगच्या पीसीला एकच मोठी हार्ड डिस्क का दोन जोडून रेड झिरो?

मिसळ_कडक: कोल्हापुरात राजारामपुरीत छोटा स्टुडिओ हाय, लग्नाचं शूटिंग-एडिटिंग. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायच्या आत स्टोरेज वाढवायचंय. ८ टीबीची एक डिस्क घेऊ का ४ टीबीच्या दोन घेऊन रेड झिरो करू, म्हणजे दोन्ही मिळून एकच डिस्क असल्यासारखं? दुकानदार म्हणतोय डबल स्पीड. माझं मन पण तिकडंच हाय, कारण ३ कॅमेऱ्यांचं फोरके टाइमलाइनवर टाकलं की प्रीव्ह्यू अडकतोय.

उद्यमनगर_टर्नर: अजिबात करू नको भावा. रेड झिरोत प्रत्येक फाइलचे तुकडे होऊन आलटून पालटून दोन्ही डिस्कवर जातात, एक गेली की दुसरीवर उरलेलं काहीच कामाचं नसतंय. वर्षात एक डिस्क बंद पडायची शक्यता ३ टक्के धर, नुसती हिशोबाला, तर दोनाची मिळून जवळपास ६ झाली, चार लावल्यास तर ११ च्या वर. आणि डेटा कसला, लोकांची लग्नं! परत लावा म्हणून सांगणार काय त्यास्नी?

रंकाळा_फोरके: झालं यांचं सुरू. एकच डिस्क असली तरी मेल्यावर सगळं जातंयच की, म्हणजे बॅकअप दोन्हीकडं लागतोयच. आणि बॅकअप असला तर रेड झिरो मेल्यावर नुकसान काय, परत कॉपी करायचा वेळ, बास. ७२०० आरपीएमची डिस्क सलग वाचताना सेकंदाला २०० एमबीच्या आसपास देतीया, दोन लावल्या की ४०० कडं जातंय. आमच्यात हेच हाय, मस्त चाललंय.

उद्यमनगर_टर्नर: "सलग" तूच लिहिलंस. तीन कॅमेरे म्हणजे तीन फाइली, डिस्कमधलं वाचणारं हेड सारखं इकडून तिकडं पळणार. ७२०० आरपीएमला प्लॅटर, म्हणजे आतली तबकडी, फिरून यायची नुसती वाटच सरासरी ४ मिलिसेकंद बघावी लागतीया, हेड सरकायचा वेळ वेगळाच, आणि दुसरी डिस्क लावून ती वाट काय कमी होत नाही. बरं गणित कर, १०० एमबीपीएसचं फोरके, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, ८ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला १२.५ एमबी, तिन्ही मिळून ४० पण होत नाही. अडकतंय ते बहुतेक प्रोसेसरमुळं, एच २६५ मध्ये दाबून साठवलेला व्हिडिओ डिकोड करताना, म्हणजे उलगडताना दमतोय. प्रॉक्सी बनव, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, फुकटात काम. आधी टास्क मॅनेजर उघडून बघ तरी.

पंचगंगा_काठ: १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली वेगवान एसएसडी घ्या की राव, चालू काम तिच्यावर आणि जुनं मोठ्या डिस्कवर. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन, कॅट्झ यांच्या १९८८ च्या पेपरात रेडच्या लेव्हल १ ते ५ च होत्या, झिरो मागनं चिकटवलीया. आणि बॅकअप दुसऱ्या भागात ठेवा, त्याच कपाटात नको. २०१९ च्या ऑगस्टात व्हीनस कॉर्नरला पाणी आलेलं विसरला काय? तिथं एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारं रेड वन असू दे नाहीतर फाइव्ह, सगळंच पाण्यात.

रंकाळा_फोरके: १ टीबीत काय मावतंय? तासाला कॅमेऱ्यामागं ४५ जीबी, हळदीपास्नं वरातीपर्यंत तिन्ही कॅमेरे मिळून १८ तास चालले तर ८१० जीबी एकाच लग्नाचं. सीझनला लागोपाठ तीन पार्ट्या आल्या की मग?

मिसळ_कडक: बघितलं. प्रोसेसर १०० टक्क्यांवर, डिस्क ३० च्या आतबाहेर. ८ टीबीच्याच दोन घेतो, एक इथं आणि एक सासऱ्यांच्यात गडहिंग्लजला. प्रॉक्सी रात्री लावून ठेवीन.

रंकाळा_फोरके: लाव लाव, आणि रात्री लाइट गेली की सकाळी परत पहिल्यापास्नं लाव.

उद्यमनगर_टर्नर: यूपीएस घे म्हणून सांग की मग त्याला. का तो पण रेड झिरोत लावायचा?