लग्नात नाव बदललेल्यांनो, अनुभव लिहा

मधुमालती:
परवा भाचीचा गृहप्रवेश झाला. तांदळाचं ताट पुढं आलं, तिनं अंगठी घेतली आणि सरळ स्वतःचंच नाव लिहिलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मी मात्र थेट १९९४ मध्ये. माझ्या ताटात सासूबाईंनी ठरवलेलं नाव होतं, तेही मला तिथंच कळलं. "छान आहे" म्हटलं. मग सगळ्यालाच छान म्हणत आले. बिनकांद्याची भाजी छान, नोकरी सोडली तेही छान. आता हॉटेलात मुलगा विचारतो, आई तुला काय सांगू? मी म्हणते तुम्ही घ्याल ते. खरंच सुचत नाही हो. तुमचं काय?

निमा_ठाणे:
अगदी अगदी! कुकर लावलाय, येते.

चिंचगूळ:
आमच्याकडे तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. माझं नाव मीच गिळलं 😂

रानजाई:
@चिंचगूळ 😂😂
कायद्यानं सक्ती नाहीये बरं का. पासपोर्ट, पॅन सगळीकडे माझं माहेरचंच नाव आहे. सासरच्या पत्रिकांवर नवं छापतात, मी वाद घालत नाही. ऑफिसातली मी जास्त हसते हे मात्र नवऱ्यानंच एकदा सांगितलं.

धाधिंधिंधा:
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? नाव तेच राहिलं माझं. पण तबल्याची मध्यमा परीक्षा झाली, आणि पुढच्या विशारद परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी वडील पाहुण्यांसमोर म्हणाले, "हा इंजिनियर होणार, ते वाजवणं बास आता." पाहुण्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. झालो इंजिनियर. अजूनही कुणी वाजवा म्हटलं की आधी खोलीत कोण कोण बसलंय ते बघतो.

मधुमालती:
मान डोलावली हे वाचून पोटात तुटलं.

सांजवेळ:
माझं आधारवर एक, बँकेत दुसरं. शेवटी सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून घेतला. कुणाला माहिती हवी असेल तर विचारा.

निमा_ठाणे:
आले. काय लिहायचं होतं तेच विसरले, कुकरची रिंग गेली वाटतं, शिट्टीच होईना. @धाधिंधिंधा पुण्यात आहात का? मुलीला तबल्याचे सर हवेत.

धाधिंधिंधा:
नाशिकला. पण माझे एक गुरुबंधू पुण्यात शिकवतात, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मारकुटे नाहीत.