जुन्या प्रीमिअर ड्रमसेटवर नवे हेड बसत नाहीत

प्रश्न: इंग्लंडमधील लेस्टर येथे मला प्रीमिअर कंपनीचा जुना ड्रमसेट मिळाला असून त्याच्या १२ आणि १४ इंची टॉमवर (सेटमधील मधल्या आकाराचे ड्रम) बाजारातील हेड (वाजवायचा ताणलेला पडदा) बसत नाहीत. शेल (ड्रमचे गोल नळकांडे) फुगले असावेत, की मूळ मापच वेगळे आहे?

उत्तर: मापच वेगळे असावे. या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी मापे स्वीकारली. त्यापूर्वीचे काही शेल नावाच्या मापाहून किंचित मोठे असत आणि संग्राहक त्यांना ‘प्री-इंटरनॅशनल’ म्हणतात. शेलचा बाहेरचा व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांना मिलिमीटरमध्ये मोजावा. १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी; दोन्ही दिशांची मापे एकसारखी, पण त्याहून जास्त आली, तर शेल जुन्या मापाचे आहे. दोन्ही दिशांच्या मापांत फरक पडला, तर मात्र शेल वाकडे झाले आहे.

प्रश्नकर्ता: दोन्ही दिशांना सारखेच आणि जास्तच भरले. सुतार घासून देतो म्हणतो.

उत्तर: कृपया घासू देऊ नये, हेड टेकते ती कडा बिघडली की आवाजही गेला आणि किंमतही. मापानुसार हेड बनवून मिळतात, किंवा चामड्याचा पडदा गोल कड्यावर (रिंगवर) गुंडाळून बसवता येतो. मूळ रिम (हेड दाबून धरणारी धातूची कडी) जपाव्यात, कारण आजच्या रिम या शेलवर चालणार नाहीत. त्यांवरचा क्रोमचा मुलामा पुसायला मऊ कापड पुरते.