टाचेचा तो गोल आणि डेनिस लॉ यांच्यावरचा आळ

जुनाबॅक (धागाकर्ता):
‘गद्दार खेळाडू’ या कालच्या चर्चेत एका सदस्याने स्कॉटिश फुटबॉलपटू डेनिस लॉ यांच्याविषयी ‘ज्या क्लबाचे मीठ खाल्ले त्यालाच दुसऱ्या विभागात ढकलणारा’ असे लिहिले. ते वाक्य रात्रभर खुपत राहिले, म्हणून हा स्वतंत्र धागा. २७ एप्रिल १९७४ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सहकारी फ्रान्सिस ली यांच्याकडून आलेला चेंडू लॉ यांनी गोलकडे पाठ असताना टाचेने आत सारला आणि त्यांची मँचेस्टर सिटी त्यांच्याच जुन्या क्लबाविरुद्ध, युनायटेडविरुद्ध, १-० अशी जिंकली, इतके खरे आहे. परंतु त्याच दुपारी तळातून वाचण्याच्या शर्यतीतल्या बर्मिंगहॅमने नॉर्विचला हरवले होते, त्यामुळे युनायटेडने तो सामना जिंकला असता तरी त्यांची खालच्या, म्हणजे दुसऱ्या विभागातली घसरण टळली नसती. हंगामभर जे गमावले त्याचे खापर एका टाचेवर कसे फोडता येईल? शिवाय अकरा वर्षांत ४०४ सामने, २३७ गोल आणि १९६५ व १९६७ ची लीग विजेतेपदे दिलेल्या या माणसाला आदल्याच उन्हाळ्यात युनायटेडने फुकट सोडून दिले होते. १९६४ मध्ये त्यांनी बॅलन डी’ऑर हा युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला, आणि तो मिळवणारा दुसरा स्कॉटिश खेळाडू आजवर झालेला नाही. एरवी बाह्यांची टोके मुठीत धरून खेळणारा आणि गोल झाला की हात उंचावणारा हा माणूस त्या दिवशी सहकारी पाठ थोपटत असताना खांदे पाडून उभा राहिला आणि लगेच मैदानाबाहेर गेला. गद्दार असा वागतो काय?

रोखठोक:
ते वाक्य माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. बर्मिंगहॅमचा निकाल आपण आज घरी बसून सांगत आहात. टाच मारताना लॉ यांना तो ठाऊक होता काय? आणि निष्ठेचेच म्हणाल, तर १९६० साली हडर्सफील्डहून ५५,००० पौंडांत सिटी, पुढच्या वर्षी इटलीचा तोरिनो, १९६२ मध्ये १,१५,००० पौंडांत युनायटेड! अडीच वर्षांत चार क्लबांचे सदरे घालणाऱ्याची मान एका दुपारी खाली गेली, तर तिचे एवढे कौतुक कशाला?

पेठकर:
रोखठोक, आपण कधी पेठ बदलली आहे काय? मी बदलली आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जुन्या तालमीच्या फुटबॉल संघाविरुद्ध गोल केला, त्यानंतर दोन वर्षे आमच्या गल्लीतल्या चहावाल्याने माझ्यासमोर कप आपटूनच ठेवला. जुन्या तालमीने मला संघातून वगळल्याचे मात्र त्याला कोणी सांगितले नाही. लॉ यांच्या म्हणण्यानुसार त्यांना आपल्या गच्छंतीची बातमी ॲबर्डीनमध्ये टीव्हीवरून कळली. निष्ठा दोन्ही बाजूंनी असावी लागते. आणि १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी इंग्लंडचा विजय पाहावा लागू नये म्हणून जो गोल्फ खेळायला गेला, त्याला निष्ठा ठाऊक नव्हती असे म्हणणे विनोदी आहे.

नाडीचाचेंडू:
अवांतर होत आहे, परंतु लॉ यांच्यावर खरा अन्याय टाचेमुळे नव्हे, डोक्यामुळे झाला. हवेत तरंगत हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, आणि २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. माझे काकाही चामड्याच्या चेंडूने खेळले. वळवाच्या पावसात तो चेंडू पाणी पिऊन धोंड्यासारखा जड व्हायचा आणि त्याला आवळणाऱ्या नाडीचा वळ कपाळावर उठायचा. आज काका जेवून उठतात आणि पाच मिनिटांनी ताट मागतात.

सांजवात:
काकांबद्दल वाईट वाटते, परंतु हा निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या आत्याने आयुष्यात चेंडूला हात लावला नव्हता, तरी शेवटची सहा वर्षे ती मला ओळखत नव्हती. लॉ यांना अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित असा मिश्र आजार होता. चौऱ्याऐंशी वर्षे जगलेल्या माणसाच्या आजाराचे एकच कारण आपण कोणत्या तपासणीवरून ठरवले?

नाडीचाचेंडू:
आत्याबाईंचा मान राखून सांगतो की एका आत्याने शास्त्र खोटे ठरत नाही. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्याच माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. पुढे असेही दिसले की बचावपटूंना धोका सर्वाधिक होता, आणि जे सहसा हेडर मारत नाहीत त्या गोलरक्षकांना जवळजवळ नव्हता. स्कॉटलंडने २०२० मध्ये १२ वर्षांखालील मुलांच्या सरावातून हेडर उगाच काढले काय?

सांजवात:
एका आत्याने शास्त्र खोटे ठरत नसेल, तर एका काकांनी खरेही ठरत नाही. साडेतीनपट हा आकडा हजारो खेळाडूंविषयी काही सांगतो, एकट्या लॉ यांच्याविषयी नाही. धोका वाढतो, एवढे मान्य. समाधान झाले?

जुनाबॅक:
टाचेचा धागा होता, तो डोक्यावर चढला. रोखठोक, आपण मूळ मुद्द्यावर काही बोलणार की नाही?

रोखठोक:
बोलतो. ‘ढकलणारा’ हा शब्द मागे घेतो, कारण बर्मिंगहॅमचा निकाल मी कालच्या चर्चेत पाहिलेला नव्हता. ‘मीठ खाल्ले’ मात्र राहू द्यावे. मीठ त्यांनी खाल्लेच होते. पेठकरांनी त्या चहावाल्याचा पत्ता कळवावा, माणूस तत्त्वाचा दिसतो.