पायाच्या खड्ड्यात पाणी लागलंय, उपशाचा खर्च कोणी द्यायचा? (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वाईजवळ, धोम कालव्याच्या खालच्या अंगाला आई-बाबांसाठी घर बांधतोय. बारा फुटिंग (खांबाखालचे काँक्रीटचे पाये), खोली सात फूट. पाच फुटांवर मुरूम लागला आणि पाच खड्ड्यांत पाणी आलं. ठेकेदाराने 3 एचपीची मोटर लावलीय, दिवसाचे 4,500 मागतो. नऊ दिवस झाले, म्हणजे 40,500. करार दोन पानांचा, मटेरियलसकट चौरस फुटाचा दर, पाण्याबद्दल अवाक्षर नाही. बाबा म्हणतात, माणूस चांगला आहे, देऊन टाक. मेव्हणा म्हणतो, एक रुपया देऊ नकोस, पाया त्याच्या दरातच आला. मला दोघांचंही पटत नाही. कोणावर अशी वेळ आली असेल तर काय केलंत ते सांगा.

साइटवरचा:
बावीस वर्षं पायाच्या कामांवरच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत पावसाचं पाणी उपसणं खोदाईच्या दरातच धरतात. झरा, नदीचा किंवा भरतीचा पाझर, फुटलेली पाइपलाइन यांचं पाणी वेगळं मोजून त्याचे वेगळे पैसे देतात. खाजगी कामाला हे बंधनकारक नाही, पण न्याय्य वाटणी अशीच होते. जमीन तुमची, तिच्या पोटातला झरा ठेकेदाराने आणलेला नाही. त्यामुळे मेव्हण्यांचं मला पटत नाही. पण सळई वेळेवर आली नाही, सेंट्रिंगवाला गावी गेला आणि तेवढे दिवस खड्डे उघडे राहून मोटर चालली, तर ते दिवस त्याचे. नऊपैकी प्रत्यक्ष काम किती दिवस झालं, हे आधी बघा.

दुसरं, दिवसावर पैसे देऊ नका, तासावर द्या. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही उपसा पंपाची हॉर्सपॉवर गुणिले चाललेले तास असाच मोजतात. 3 एचपी म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॉट. अखंड चोवीस तास चालली तरी 54 युनिट, मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरून साठ-पासष्ट. त्यावर पंपाचं भाडं आणि रात्री थांबणाऱ्या माणसाची हजेरी. एवढ्यात 4,500 होतात का, ते त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्या. भांडायचं नाही, समोर बसून मांडायचं.

आणि मोटर चोवीस तास लागते का, तेही तपासा. काठीला इंचाच्या खुणा करा, खड्डा कोरडा करून मोटर बंद करा, तासाने बघा. सहा बाय सहाच्या खड्ड्यात तासाला सहा इंच चढलं तर ते अठरा घनफूट, म्हणजे 510 लिटर. तेवढं पाणी काही मिनिटांत उपसून होतं.

पाटकरी:
आमची शेती कालव्याखालीच आहे. दादा, सध्या आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू आहे का, ते आधी विचारा. कालव्याला पाणी सुटलं की आमच्या विहिरी फुगतात, बंद झाल्यावर हळूहळू उतरतात. तुमच्या खड्ड्यांचंही तेच असणार. शेजारच्या विहिरीला दोरी सोडून पातळी रोज लिहा. आवर्तन संपायला थोडेच दिवस राहिले असतील तर थांबा, निम्मा खर्च आपोआप वाचेल.

माहीमची_मावशी:
मी इंजिनिअर नाही, शेजारी आहे. आमच्या पट्ट्यात खाली वाळू. बाजूच्या प्लॉटवर दोन महिने पंप चालले, गटारात जाणारं पाणी राखाडी, हातात घेतलं तर बोटांना बारीक वाळू लागायची. पुढे आमच्या जिन्याखालची फरशी खचली, भिंतीत चिरा गेल्या. आधीचे फोटो आमच्याकडे नव्हते, म्हणून त्या चिरा जुन्याच ठरल्या. दुरुस्ती सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून केली. खर्च कोणाचा याचा हिशेब कराल तेव्हा शेजाऱ्यालाही त्यात धरा, एवढंच कळकळीने सांगते. उपसलेलं पाणी गढूळ यायला लागलं तर मोटर थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा.

साइटवरचा:
मावशी, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पाण्याबरोबर बारीक माती निघून गेली की आजूबाजूची जमीन बसते.

एक राहिलं होतं. जमिनीखालची टाकी बांधणार असाल तर उपसा कधी बंद करायचा तेही आत्ताच लिहून ठेवा. बाहेरचं पाणी टाकीच्या तळापेक्षा एक मीटर वर चढलं की खालून चौरस मीटरला एक टन जोर येतो. रिकामी टाकी उचलली जाते, मी पाहिलंय. ठेकेदार पैसे थांबले म्हणून मोटर काढून नेतो आणि नुकसान मालकाचं होतं. फुटिंगलाही काँक्रीट ओतताना मोटर खड्ड्याच्या आत ठेवू नका, सिमेंट ओढून नेते. बाजूला खोल खड्डा घेऊन तिथून उपसा.

कोथरूडहून:
धाग्यात थोडी घुसखोरी. आमचा बिल्डर तळघरात खडक आणि पाणी लागलं म्हणून फ्लॅटमागे जादा पैसे मागतोय. द्यावे लागतात का?

साइटवरचा:
नोंदणीकृत करार काढून वाचा. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारी राज्याची यंत्रणा, तिच्या नमुना करारात किंमत ठरलेली असते. सक्षम प्राधिकरणाने वाढवलेले शुल्क सोडून वाढ मागता येत नाही. पाण्याचा खर्च बिल्डरचा. ताब्यानंतर बांधकामातल्या दोषामुळे तळघर गळायला लागलं तर पाच वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्तीही त्याचीच.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल काठी लावली. पाचही खड्डे पाच बाय पाचचे, तासाला पाच इंच चढतं. सगळे मिळून दीड हजार लिटरच्या आतच. ठेकेदाराला दाखवलं, तोही चकित झाला. नऊपैकी तीन दिवस सळईसाठी थांबलेले निघाले, ते त्याने स्वतःहून सोडले. उरलेल्या सहा दिवसांचे तास आणि भाडं धरून 13,800 वर मिटलं. पुढे 1 एचपीची मोटर, तासाचा दर ठरवून करारामागे लिहिला, रोज संध्याकाळी वहीत दोघांच्या सह्या. कालवा येत्या शुक्रवारी बंद होतोय, तोपर्यंत कोरडे सात फुटिंग उरकून घेतो. बाबांना हे पटलं, मेव्हणा अजून कुरकुरतोय. आज सकाळी शेजारच्या काकांना घेऊन त्यांच्या कुंपणाच्या भिंतीचे फोटो काढले. एक जुनी चीर होती, तिच्यावर त्यांनीच पेन्सिलने तारीख घातली.