अनुभव धागा: वयस्कर, आजारी मांजरांच्या पोटाच्या तक्रारी

मूत्रपिंड, थायरॉइड किंवा आतड्यांचा जुना आजार असलेल्या वयस्कर मांजराला उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ सुरू झाले, की दोष पोटाचा आहे की मूळ आजाराचा, हे घरच्यांना चटकन उमगत नाही. पुण्यातील मांजरपालकांनी आपले अनुभव येथे लिहावेत. औषधाची मात्रा मात्र लिहू नये. ती वजन आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टरच ठरवतात.

कोथरूड
आमच्या ठकीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालते, ते दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले आहे. ती ताटलीपाशी येई, वास घेई, ओठ चाटी आणि मागे फिरे. पहाटे पांढऱ्या फेसाची उलटी ठरलेली. आम्हाला वाटले अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरांच्या मते भूक होती, पण मळमळ तिला खाऊ देत नव्हती, कारण मूत्रपिंडे थकली की रक्तात साठणारी अपायकारक द्रव्ये मेंदूतील उलटीचे केंद्र चाळवतात. मॅरोपिटंट या उलटीवरच्या औषधाने मळमळ शमल्यावर, कोमट करून थोडे थोडे दिलेले ओले अन्न ती खाऊ लागली. 'लंघनं परमौषधम्' हे माणसांपुरते ठीक. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साठून नवेच संकट उभे राहते.

सिंहगड रस्ता
आमच्याकडे मुख्य तक्रार बद्धकोष्ठाची. मूत्रपिंडाच्या रुग्णाला लघवी भरपूर होते, शरीरातले पाणी कमी पडते, मग मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते आणि ट्रेमध्ये सुके खडे पडतात. कुंथता कुंथता आमची मनी उलटीही करते. एप्रिल-मे महिन्यांत हा त्रास वाढतो. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आम्ही घरीच त्वचेखाली रिंगर लॅक्टेट हे सलाइनसारखे क्षारयुक्त पाणी देतो: बाटली कोमट पाण्यात ठेवून मग खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई तिच्या बुडाशी आडवी सरकवायची. पाण्याचा फुगवटा नंतर पुढच्या पायाकडे उतरतो. प्रथम पाहणारा घाबरतो, पण तो हळूहळू जिरतो. जोडीला मळ मऊ करणारे लॅक्ट्युलोज आहेच. माणसांसाठीचा फॉस्फेटचा एनिमा मात्र मांजराला कधीही देऊ नये, तो जीवघेणा ठरतो.

सदाशिव पेठ
शेजारच्या आजी मायेने वाटीभर दूध ठेवत आणि आमच्याकडे जुलाब सुरू होत. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, हे आजींना पटवणे औषधोपचारापेक्षा अवघड गेले.

औंध
आमचा बोका अधाशासारखा खाई, तरी वाळत चालला होता, आणि जुलाब थांबत नव्हते. प्रथम टी-४ ही थायरॉइडची रक्तचाचणी झाली, ती ठीक निघाली. सोनोग्राफीत आतड्याचा थर जाड दिसला. हा दीर्घकालीन दाह आहे की लिंफोमा हा कर्करोगाचा मंद वाढणारा प्रकार, याचा निवाडा बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, होत नाही. पण वयाकडे पाहून आम्ही त्यासाठी लागणारी भूल देणे टाळले. प्रेडनिसोलोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांवर मल बांधून होऊ लागला आणि वजन घटायचे थांबले.

हडपसर
सिंहगड रस्त्याच्या अनुभवाला एक पुस्ती. बोका ट्रेमध्ये वारंवार कुंथत असेल, तर बद्धकोष्ठ गृहीत धरण्याआधी लघवी होते आहे का, ते पाहावे. लघवी अडकलेली असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.